पीठ बदलू नका, बाकी काय हवं ते बदला

पत्राचा सारांश: टोकियोतल्या निशि-कासाइ भागात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घरात नवरा, तिसरीतली मुलगी आणि साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. मुलीला स्टेशनजवळच्या दुकानातलं आठ गोळ्यांचं, चावायला मऊ आणि चिवट असं डोनट फार आवडतं. सासूबाई अंडं खात नाहीत. दुकानातल्या वस्तूत काय पडलं असेल कोण जाणे, म्हणून त्या ते तोंडाला लावत नाहीत, आणि आजी खात नाही म्हणून नात हिरमुसते. ताईंनी मग घरीच करायला घेतलं. पहिल्यांदा भारतातून आणलेलं मोदकाचं पीठ वापरलं, तर डोनट वरून कडक आणि आतून भरभरीत झाले. नंतर इथल्या बाजारातून शिरातामाको हे चिकट तांदळाचं पीठ आणलं, नुसतं पाण्यात कालवलं आणि गोळे तळले. दोन गोळे तेलात फुटले आणि उडालेल्या तेलाने मनगटावर फोड आला. नवरा म्हणतो, खाली उतरलं की मिळतं, कशाला हे उपद्व्याप? मुलगी एक घास खाऊन म्हणाली, दुकानातल्यासारखं नाही. येत्या शनिवारी तिच्या चार जपानी मैत्रिणी घरी येणार आहेत. ताई विचारतात: हा नाद सोडून द्यावा का? आपल्याच पिठात काही करून अस्सल जपानी चव आणता येईल का? आणि घरचं वेडंवाकडं काही त्या मुलींपुढे ठेवलं तर लेकीचं हसं तर होणार नाही?

ताई,

आधी मनगटाचं बोलू. फोड फोडू नका. त्यावर हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका, स्वच्छ ठेवा. लाली पसरत गेली किंवा ठणका वाढला तर डॉक्टरांना दाखवा. पुन्हा कधी असं झालं तर त्याच क्षणी नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटं हात धरायचा, बर्फ लावायचा नाही. आपल्याला हे सगळं ठाऊक असतं आणि ऐन वेळी सुचत नाही, म्हणून पहिल्यांदा लिहिलं.

आता डोनट. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात दोन समजुती एकमेकींच्या हातात हात घालून बसल्यात असं मला वाटलं. एक अशी की हे डोनट म्हणजे जपानी परंपरेतलं काहीतरी ठरलेलं, त्याला आपण हात लावला तर ते बिघडणार. दुसरी अशी की पीठ काय, तांदळाचंच ना, मग आपलं चालायला काय हरकत आहे. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. या डोनटमध्ये आकार, वरचा लेप, गोडी, कशात तळायचं, कशाने भिजवायचं हे सगळं तुम्हाला मनासारखं बदलता येतं. पीठ तेवढं बदलता येत नाही.

परंपरेचं आधी पाहू. तुमच्या वर्णनावरून मुलीचं आवडतं डोनट म्हणजे मिस्टर डोनट या दुकानाचं ‘पोन दे रिंग’ असणार. ही साखळी मूळची अमेरिकेतली. १९७१ मध्ये डस्किन या कंपनीने ओसाकाजवळच्या मिनो इथे जपानमधलं पहिलं दुकान काढलं. पोन दे रिंग तर त्यानंतरही कितीतरी वर्षांनी, २००३ मध्ये आलं. त्याची कल्पना सुचली ब्राझीलच्या चीज घातलेल्या एका छोट्या पावावरून, जो कसावा नावाच्या कंदाच्या स्टार्चचा करतात. त्याच कंदापासून आपला साबुदाणा होतो. म्हणजे अमेरिकेचं डोनट, ब्राझीलची चिवटाई आणि जपानची चव असं ते सगळं मिळून झालंय, आणि त्याचं वय तुमच्याआमच्याहून कमी आहे. वर्षअखेरीला लाकडी उखळीत चिकट भात कांडून जी मोची करतात, तिला मात्र खरी जुनी परंपरा आहे. पण ते वेगळं खाणं झालं. डोनटला तिच्यासारखी चिवटाई आहे एवढंच. तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात त्याचं आणखी एक रूप तयार झालं तर कुणाचा अपमान होत नाही. जपानी घरांतही आया आपापल्या परीने ते करतातच, आणि घरी करताना बहुतेक जणी दुकानाची नक्कल करायला जात नाहीत. शिरातामाको, मऊ टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) आणि हॉटकेकचं, म्हणजे पॅनकेकचं, तयार पीठ एवढ्यावर भागवतात. या घरगुती पद्धतीत अंडं लागतच नाही. सासूबाईंची अडचण इथेच निम्मी सुटली.

आता पीठ. मोदकाच्या पिठाने तुमचा घात का केला हे नीट कळलं की पुढचं सगळं सोपं होईल. तांदळातल्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात. अमायलोजच्या साखळ्या लांब आणि सरळ असतात, अमायलोपेक्टिनच्या साखळ्यांना फांद्या फुटलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक तांदळांत अमायलोज पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं. म्हणून आपला भात मोकळा होतो. मोदकाची उकड गरम असताना कशी सुरेख वळते आणि गार झाली की पारी ताठर होते, ते याच अमायलोजमुळे. गार होताना त्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. ज्या तांदळाची मोची करतात त्याला मोचीगोमे म्हणतात, त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच. सगळा स्टार्च फांद्यांचा, तो पाणी धरून ठेवतो, ताणला जातो, दातांखाली परत उसळतो. ही चिवटाई मळण्याने येत नाही आणि आंबवण्यानेही येत नाही. ती तांदळाच्या जातीत असते. मोदकाचं पीठ तुम्ही कितीही मुलायम दळून आणलंत, उकड काढलीत, तासभर मळलंत, तरी त्यात जे मुळात नाही ते येणार कुठून? तुमचा हात चुकला नाही, ताई. पीठ दुसऱ्या कामाचं होतं.

जपानी दुकानात फळीवर तांदळाची निदान तीन पिठं शेजारी शेजारी असतात आणि पाकिटं दिसायला सारखी, म्हणून सांगून ठेवते. जोशिनको हे साध्या तांदळाचं, म्हणजे आपल्या पिठाच्या कुळातलं. ते या कामाला नको. मोचिको आणि शिरातामाको ही दोन्ही चिकट तांदळाची. मोचिको बारीक पावडर असते. शिरातामाको करताना तांदूळ भिजवतात, पाण्यासकट वाटतात आणि खाली बसलेला साका दाबून वाळवतात, म्हणून त्याचे पांढरे खडबडीत खडे होतात. अनारशासाठी तांदूळ भिजवून कांडणाऱ्या तुमच्या सासूबाईंना यातली गोम लगेच कळेल: भिजवून वाटलेल्या तांदळाची गोडी आणि मऊपणा कोरड्या दळलेल्याला येत नाही. डोनटला शिरातामाकोच घ्या. दुसऱ्या वेळी तुमचं पीठ बरोबर होतं.

मग ते फुटलं का? याचं उत्तर नीट वाचा, कारण चव बिघडली तर फार काही जात नाही, पण हे धोक्याचं आहे. नुसत्या चिकट पिठाचा गोळा गरम तेलात पडला की त्याची वरची कातडी लगेच शिजून रबरासारखी बंद होते. आतलं पाणी तापून वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून गोळा फुगत जातो आणि एका क्षणी फुटतो. गोळा मोठा, तेल फार गरम किंवा पिठात न विरघळलेले खडे राहिलेले असले की धोका वाढतो. तुमच्या गोळ्यांत बहुधा हे सगळंच थोडं थोडं होतं. यावर उपाय तिहेरी आहे. चिकट पिठात तेवढाच मैदा आणि बेकिंग पावडर घालायची, म्हणजे आत बारीक जाळी पडते आणि वाफेला वाट मिळते. खडे पूर्ण विरेपर्यंत पुढे जायचं नाही. आणि तेल १६० ते १७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. नुसत्या शिरातामाकोचे गोळे पुन्हा तळू नका. ते पाण्यात उकडून खायचे असतात.

तुमच्या गॅसला तेलाचं तापमान धरून ठेवणारं बटण आहे का पाहा. जपानमध्ये २००८ पासून घरगुती शेगड्यांच्या सगळ्या बर्नरना तापमानाचा सेन्सर सक्तीचा झाला आणि बऱ्याच शेगड्यांवर तळणासाठी १६०, १७०, १८० असे आकडे निवडता येतात. इंग्रजी अक्षर नसल्यामुळे आपल्या कितीतरी मैत्रिणी वर्षानुवर्षं ते बटण दाबतच नाहीत. बटण नसेल तर तळणाचा थर्मामीटर घ्या, तो स्वस्त मिळतो. विजेची शेगडी असेल तर तिच्या माहितीपत्रकात तळणासाठी कमीत कमी किती तेल हवं ते दिलेलं असतं. त्याहून कमी तेलात तळू नका, सेन्सर फसतो आणि तेल भलतंच तापतं.

आता कृती. शिरातामाको १०० ग्रॅम, किनुगोशी म्हणजे रेशमासारखा मऊ टोफू १५० ग्रॅम, मैदा ११० ग्रॅम, साखर ३५ ग्रॅम, बेकिंग पावडर सपाट एक लहान चमचा, चिमूटभर मीठ. टोफूची १५० ग्रॅमची तीन जोडलेली पाकिटं इथे सगळीकडे मिळतात, त्यातलं एक बरोब्बर पुरतं. हॉटकेकचं तयार पीठ वापरलं तर मैदा, साखर आणि बेकिंग पावडर यांच्याऐवजी ते १५० ग्रॅम घ्यायचं. पण सासूबाईंसाठी करताय, तर मी म्हणेन मैद्यापासूनच करा. पाकिटामागचं वाचत बसायला नको आणि त्यांना प्रत्येक जिन्नस डोळ्यांनी दिसेल.

परातीत शिरातामाको घ्या आणि त्यावर टोफू कुस्करा. टोफूतलं पाणी काढून टाकायचं नाही, तेच भिजवायला लागतं. तळहाताच्या टाचेने खडे रगडत राहा. एकजीव झालं असं वाटलं की चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळा. कण लागला तर झाकून पाच मिनिटं थांबा, पुन्हा रगडा. सगळी गंमत आणि सगळी सुरक्षितता याच टप्प्यात आहे. इथे घाई केली की पुढे काहीच सावरता येत नाही. मग मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर एकत्र चाळून घाला आणि गोळा जमेल एवढंच हलक्या हाताने मळा. इथे पोळीच्या कणकेसारखं तिंबलं तर मैदा ताठर होतो आणि डोनट चिवट होण्याऐवजी वातड होतं. कोरडं वाटलं तर दूध चमच्या-चमच्याने घाला. जपानी बायका याला माप सांगतात ते कानाच्या पाळीचं: एका हाताने पीठ दाबायचं, दुसऱ्याने स्वतःच्या कानाची पाळी, आणि दोन्ही सारखी मऊ लागली की झालं. मला हे माप फार आवडतं, ग्रॅमच्या हिशेबापेक्षा भरवशाचं आहे. झाकून दहा मिनिटं ठेवा.

बोटांना तेल लावून ८-८ ग्रॅमचे गोळे वळा. या मापात ४८ होतील, म्हणजे आठ गोळ्यांची सहा कडी. सुरुवातीला दोनचार गोळे वजनकाट्यावर तोला, नंतर हाताला अंदाज येतो. गोळे सारख्या आकाराचे हवेत. मोठा-लहान असले तर एक शिजतो आणि शेजारचा कच्चा राहतो. ओव्हनमध्ये घालायच्या कागदाचे दहा सेंटिमीटरचे चौकोन कापा आणि प्रत्येकावर आठ गोळे एकमेकांना टेकवून गोल मांडा. टेकतात तिथे पाण्याचं बोट लावा. ही कडी कागदासकट तेलात सोडायची असते. नवख्या माणसाला भीती वाटते, पण यानेच आकार टिकतो. मिनिटभरात कागद आपोआप सुटतो, तो लांब काडीने किंवा चिमट्याने काढून घ्यायचा. कढई खोलगट असावी, तेल निदान तीन सेंटिमीटर, आणि एका वेळी दोनच कडी. आधी एक सुटा गोळा तळून पाहा. तो हळूहळू वर आला, फुगला आणि शांत राहिला तर पुढे जा. एका बाजूने दोन मिनिटं, मग उलटून दोन मिनिटं, रंग फिकट सोनेरी. लालसर होईपर्यंत थांबलात तर साल जाड होते. तळताना मुलगी ओट्यापाशी नको.

वरच्या लेपाला पिठीसाखर ६० ग्रॅम आणि पाणी दोन लहान चमचे पुरे. डोनट कोमट असताना बुडवलं की पातळ काचेसारखा थर बसतो. माझी आवड विचाराल तर लेपापेक्षा किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, त्यात तेवढीच साखर आणि किंचित मीठ. त्याचा खमंग वास तळणाच्या वासात छान मिसळतो. माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, मुलांना कडू लागते, तेव्हा मैत्रिणींसाठी तिच्या भरीला पडू नका.

एवढं करूनही ते दुकानातल्यासारखं होणार नाही, हे आधीच सांगते. दुकानातलं हलकं आणि लवचिक असतं, यातलं जास्त चिकटसर आणि दाट. लेकीने जे म्हटलं ते तुम्हाला लागलं हे पत्रातून दिसतंय. पण तिसरीतलं मूल “दुकानातल्यासारखं नाही” म्हणतं तेव्हा ते नेहमी नाव ठेवत असतंच असं नाही. पुष्कळदा ते फक्त काय वाटलं ते सांगतं. शिवाय त्या दिवशी ते खरंच बिघडलं होतं. तिला एकदा निवांत विचारा: दुकानातलंच हवंय, की आजीबरोबर बसून खायचंय? तुम्ही लिहिलंत की आजी खात नाही म्हणून ती हिरमुसते. मला तर तुमच्या सगळ्या पत्रात हेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. तिला आजी शेजारी हवी असेल तर चवीत थोडा फरक चालणार आहे. आणि तिला दुकानातलंच हवं असेल तर तेही चूक नाही. तेव्हा नवऱ्याला खाली पाठवा, ते आणतील.

नवऱ्याचं म्हणणं मी अगदी उडवून लावणार नाही. रोजची नोकरी, शाळा, परक्या देशातलं घर हे सगळं सांभाळताना दर आठवड्याला तळण मांडायचं हे काही शहाणपणाचं नाही. जी वस्तू पायाखाली मिळते ती विकत आणण्यात कमीपणा नाही. घरी करायचं कारण एकच उरतं, ते म्हणजे घरातलं एक माणूस दुकानातलं खाऊ शकत नाही. हे कारण पुरेसं आहे, पण महिन्यातून एखाद्या वेळेपुरतं. तेवढं ठरवून टाकलंत तर त्यांचीही कुरकुर थांबेल आणि तुमच्यावरचंही ओझं उतरेल. वापरलेलं तेल टाकायचं काम त्यांच्याकडे द्या. तेल घट्ट करणारी पावडर बाजारात मिळते, गरम तेलात ढवळायची, गार झालं की वडीसारखं निघतं आणि जळाऊ कचऱ्यात जातं.

सासूबाईंना नुसतं खायला बोलावू नका, करायला बसवा. ४८ गोळे सारखे वळणं हे तुमच्यापेक्षा त्यांना चांगलं जमेल, आयुष्यभर लाडू आणि मोदक वळलेला हात आहे तो. तेल नवीन, कढई त्यांच्यासमोर घासलेली, टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचा असतो हे सांगितलेलं. आपल्या हाताने केलेल्या वस्तूबद्दल शंका राहत नाही. एकादशीला हे चालेल का असं त्या विचारतीलच. मैदा आणि तांदूळ आहे, चालणार नाही, दुसऱ्या दिवशी करा. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. जपानमध्ये दर नववर्षाला वयस्क माणसांच्या घशात मोची अडकून दुर्घटना होतात, टोकियोचं अग्निशमन दल त्याबद्दल सावध करतं. या डोनटमध्ये मैदा असल्याने ते तितकं चिकट नसतं, तरीही सासूबाईंना कवळी असेल किंवा गिळताना त्रास होत असेल तर गोळे सुटे करून, प्रत्येकाचे दोन तुकडे करून, चहाबरोबर सावकाश खाऊ द्या. आठ गोळ्यांच्या कड्याचा हाच फायदा आहे, एकेक गोळा तोडून घेता येतो.

शनिवारच्या मैत्रिणींबद्दल. चौघींच्या आयांना आजच निरोप पाठवा की डोनटमध्ये गहू, सोयाबीन आणि दूध आहे, कुणाला ॲलर्जी आहे का. इथे हे विचारणं अगदी रीतीचं आहे आणि न विचारणंच खटकतं. हसं होईल का, हे विचारताना तुमच्या डोळ्यांपुढे दुकानातलं गुळगुळीत डोनट आहे. पण त्या मुलींच्या घरीही टोफूचे ओबडधोबड डोनट होत असण्याची बरीच शक्यता आहे, त्यांना ते ओळखीचं वाटेल. हवं तर कडी करूच नका. सुटे गोळे तळा, वाटीत किनाको घाला, काड्या टोचून द्या. मुलींना स्वतः घोळवून खायला फार आवडतं आणि आकाराची कटकटच मिटते. शनिवार हा मात्र पहिला प्रयोग नको. आधीच्या एखाद्या संध्याकाळी निम्म्या मापात करून पाहा, तेव्हा काय कमी-जास्त हवं ते कळेल. नाहीच जमलं, तर शनिवारी मैत्रिणींसाठी विकतचे आणा आणि घरचे दोन आजी-नातीसाठी करा. असं केलंत तर कुणाचं काही बिघडत नाही.

हे पत्र वाचून भारतात बसलेल्या बऱ्याच जणींना करावंसं वाटेल, त्यांच्यासाठी थोडं. मुंबई-पुण्यात आशियाई जिन्नस ठेवणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन थाई पीठ मिळतं. एरावान या कंपनीचं हिरव्या छपाईचं पाकीट चिकट तांदळाचं आणि लाल छपाईचं साध्या तांदळाचं. लाल घेतलंत तर ताईंच्या मोदकाच्या पिठासारखीच गत होईल. पाकिटावर ‘ग्लुटिनस’ लिहिलेलं असलं तरी त्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, नसतं, तो शब्द चिकटपणाचा आहे. पण या कृतीत मैदा आहे, म्हणून गहू वर्ज्य असणाऱ्यांनी करू नये. हे पीठ बारीक असतं, रगडायला कमी वेळ लागतो आणि भिजवायला ओल किंचित कमी पुरते. आसामचा बोरा साऊल हा चिकट तांदूळ मिळाला तर तोही चालतो: रात्रभर भिजवा, निथळून सावलीत सुकवा, किंचित दमट असतानाच दळा आणि बारीक चाळा. मऊ टोफू नसेल तर ताजं, आंबट नसलेलं दही घ्या, १२० ग्रॅमपासून सुरू करून लागेल तसं दूध वाढवा. साबुदाण्याचं पीठ घालून पाहू का, असंही कुणी विचारेल. ब्राझीलच्या कंदाची गोष्ट सांगितल्यावर तो मोह होणारच. पण साबुदाणा करताना तो उष्णतेने अर्धवट शिजवलेला असतो, त्याचं पीठ कच्च्या स्टार्चसारखं वागत नाही आणि तेलात फुटण्याची भीती असतेच. पाकिटबंद टॅपिओका स्टार्च मिळाला तर चिकट पिठातला चौथा हिस्सा त्याने बदलून पाहायला हरकत नाही, त्याने लवचिकपणा वाढतो.

उरलेल्या डोनटचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते नक्की उरतील. करतात त्याच दिवशी ते सर्वांत छान लागतात. टोफूमुळे दुसऱ्या सकाळपर्यंत बऱ्यापैकी मऊ राहतात. उन्हाळा नसेल तर रात्रभर डब्यात बाहेर ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, स्टार्च गोठणबिंदूच्या जरा वरच्या थंडीत सर्वांत लवकर आवळतो आणि सकाळी हातात दगड येतो. जास्त दिवस ठेवायचे असतील तर लेप न लावता, एकेक कडं वेगळं गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये टाका. खायच्या वेळी मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट गरम करा आणि मिनिटभर तसंच राहू द्या, कारण आतला भाग वरच्यापेक्षा जास्त तापलेला असतो. किनाको त्यानंतर, खाताना लावायचं.